ग्रेनफेलची आग: घरातच थांबायचं, की जिना गाठायचा?

टेम्सकाठची

मागे इथे 'इमारतीला आग लागली तर काय कराल' या धाग्यावर बरीच हाणामारी झाली. एक बाजू म्हणत होती सरळ खाली पळा, दुसरी म्हणत होती दार लावून आत बसा. दोन्ही बाजूंनी ग्रेनफेलचा दाखला दिला आणि दोन्ही बाजूंनी अर्धाच दिला. मी लंडनमध्ये इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करते. ग्रेनफेलच्या सरकारी चौकशीचे दोन्ही अहवाल कामापायी वाचावे लागलेत, म्हणून हा वेगळा धागा.

१४ जून २०१७ ची रात्र. ग्रेनफेल टॉवर, लंडनच्या उत्तर केन्सिंग्टनमधली २४ मजली, ६७ मीटर उंच, काँक्रीटची रहिवासी इमारत. १९७४ साली बांधून झालेली, जिना एकच. चौथ्या मजल्यावर १६ नंबरच्या घरात स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजपाशी आग लागली. १२:५४ ला फोन गेला, पाच मिनिटांत पहिला बंब दारात होता. इथपर्यंतची आग म्हणजे लंडनच्या बंबवाल्यांचं रोजचं काम. आत शिरायचं, स्वयंपाकघर विझवायचं, खिडक्या उघडून धूर काढायचा, परत जायचं. आत शिरलेल्या जवानांनी स्वयंपाकघरातली आग खरोखरच विझवली. पण ते तिथे पोचेस्तोवर खिडकीच्या चौकटीतून ती बाहेरच्या भिंतीत घुसली होती. साधारण १:२७ ला पूर्वेकडून इमारतीच्या माथ्याला टेकली. म्हणजे बाहेर पडल्यापासून वीसएक मिनिटं. ७२ माणसं गेली, त्यातली १८ मुलं.

आता 'घरातच थांबा' हा सल्ला मुळात का दिला जातो ते सांगते, कारण त्याला मूर्खपणा म्हणणारे बरेच भेटतात. इंग्लंडमधली अशी इमारत म्हणजे काँक्रीटच्या बंद खोक्यांची चळत. एका घरातली आग तासभर तरी त्याच घरात राहावी अशा हिशोबाने भिंती, स्लॅब, दारं केलेली असतात. मग बाकीच्यांनी उतरायचं कारणच नाही. ते घरात थांबले की जिना जवानांना मोकळा मिळतो. म्हणून तर एका अरुंद जिन्यावर भागवलं जातं, म्हणून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी घंटाही नसते. आणि हे बहुतेक वेळा चालतं. दर वर्षी अशा कितीतरी आगी एका घरातच संपतात, त्यांची बातमी होत नाही.

ग्रेनफेलमध्ये खोकी जुनीच होती, त्यांच्याभोवतीचं आवरण नवं होतं. २०१६ मध्ये नूतनीकरण पुरं झालं तेव्हा बाहेरून ॲल्युमिनियमची पॅनेलं चढवली. जाडी चार मिलीमीटर: अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरचे दोन पत्रे, मध्ये तीन मिलीमीटर पॉलिइथिलीन. प्लास्टिकच. त्यामागे हवेची पोकळी, पोकळीमागे ज्वलनशील फोमचं इन्सुलेशन. पोकळीत आग अडवायला पट्ट्या बसवायच्या असतात, त्या कुठे चुकीच्या बसवलेल्या, कुठे नव्हत्याच. खिडक्या जुन्या जागेवरून पुढे आणल्या आणि मधली फट प्लास्टिक-फोमने बुजवली. म्हणजे स्वयंपाकघरातून भिंतीच्या पोकळीत जायला आगीला आयती वाट.

माझं म्हणणं एवढंच की बंबवाल्यांची सगळी आखणी भिंतीने दिलेल्या शब्दावर उभी असते. भिंतीने शब्द मोडला, हे कळायला त्यांच्याकडे काही मिनिटं होती आणि ते ओळखायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. या धाग्यावर त्याबद्दल बोलू या.

शार्दूल_७७

माहितीबद्दल आभार, पण तुम्ही बंबवाल्यांना फार सहज सोडताय. लोक फोन करून विचारत होते, निघू का? त्यांना थांबा सांगितलं. थांबले ते गेले. निघाले ते वाचले. यात आखणी, शब्द वगैरे काव्य कशाला?

टेम्सकाठची

@शार्दूल, सोडत नाहीये. चौकशीचे अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनीही सोडलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की 'घरातच थांबा' १:३० ते १:५० च्या दरम्यान मागे घ्यायला हवं होतं. प्रत्यक्षात दलाच्या कंट्रोल रूमने, म्हणजे रहिवाशांचे फोन घेणाऱ्यांनी, तो सल्ला २:३५ ला सोडला आणि जागेवरच्या प्रमुखाने २:४७ ला. हा एक तास महागात पडला. पहिल्या तासात जिन्यावरून उतरता येत होतं. निम्म्याच्या आसपास रहिवासी त्या वेळेत बाहेर पडलेही. नंतर धूर दाटत गेला.

पण क्षणभर धरून चला की १:३० ला प्रमुखाने ठरवलं, सगळ्यांना बाहेर काढा. सांगणार कसं? सव्वाशेहून जास्त घरं. सार्वजनिक घंटा नाही, भोंगा नाही, स्पीकर नाही. दारोदार जायला तेवढे श्वसनयंत्रवाले जवान आत नाहीत. उरला फोन, आणि फोनवर तेच लोक सापडणार ज्यांनी स्वतः फोन केलाय. निर्णय उशिरा झाला हे खरं, पण झाला असता तरी पोचवायला इमारतीत साधन नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चेत हा भाग कधी येत नाही.

निवृत्त_बंबवाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मुंबईत अग्निशमन दलात नोकरी झाली, आता घरी. टेम्सकाठची यांनी लिहिलंय ते बाहेरच्या माणसाला पटणं अवघड आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

आगीवर पोचल्यावर पहिला अधिकारी जे बघतो त्यावर पुढचा अर्धा तास ठरतो. धूर कुठून, रंग कोणता, माणसं कुठे लटकलीत, पाणी कुठे. हे सगळं जुन्या आगींशी ताडून होतं, विचार करायला सवड नसते. जी आग त्याने आयुष्यात पाहिलेली नाही, ती त्याला पाहिलेल्या आगीसारखीच दिसते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या की आम्ही म्हणणार, वरच्या घराला झळ लागेल, वर पाण्याची एक लाइन न्या. भिंतच पेटली आहे हे डोक्यात यायला कुणीतरी आधी डोक्यात घालावं लागतं.

दुसरं पाणी. ६७ मीटरच्या इमारतीत ड्राय राइझर होता असं वाचलं. म्हणजे पाइप कोरडा, बंब खालून पाणी ढकलणार. आजच्या त्यांच्या नियमात ५० मीटरवर वेट राइझर, म्हणजे कायम पाण्याने भरलेला पाइप, लागतो. कोरड्या राइझरवर तीन-चार मजल्यांना लाइन जोडल्या की वरच्या नळाला दाब किती राहणार ते सांगायला नको. त्यात लिफ्ट जवानांच्या ताब्यात येईना, स्विच चाललाच नाही. सगळा दारूगोळा खांद्यावर, त्याच जिन्यावरून, आणि वरून माणसं उतरताहेत. जिना मीटरभर रुंद. श्वसनयंत्राचा सेट पाठीवर असलेले दोन जवान समोरासमोर आले तर एकाने भिंतीला चिकटायचं.

तिसरं सेट. सिलिंडर कितीही म्हणा, जिने चढताना माणूस दुप्पट हवा ओढतो. विसाव्या मजल्यावर पोचल्यावर परतीपुरती हवा ठेवायची तर वर शोधायला मिनिटं किती उरतात? तरी ती पोरं पुन्हा पुन्हा वर गेली. नियम मोडून गेली असंही अहवालात आहे.

कोथरूडकर

वाचतोय. धागा वाचनखुणेत साठवलाय.

मेलबर्नी

इथलं उदाहरण देते, कारण ग्रेनफेलच्या आधी अडीच वर्षं जगाला इशारा मिळाला होता. २५ नोव्हेंबर २०१४, मेलबर्नच्या डॉकलंड्समधली लाक्रॉस इमारत. आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत नीट न विझवलेली सिगरेट. बाहेरची पॅनेलं तशीच, प्लास्टिकच्या गाभ्याची. आग अकराएक मिनिटांत वरच्या टोकाला. घरं खचाखच भरलेली, मध्यरात्र उलटून गेलेली. आणि मृत्यू शून्य.

फरक काय? स्प्रिंकलर. ज्या-ज्या मजल्यावर आग खिडकीतून आत यायला बघत होती तिथे स्प्रिंकलर फुटले. यंत्रणा एवढी स्प्रिंकलरची डोकी एकदम चालतील म्हणून केलेलीच नव्हती, तरी पाणी पुरलं. आणि घंटा होती, शेकडो लोक पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. ग्रेनफेलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

भिंत दोन्हीकडे सारखीच वाईट. म्हणून मला 'फक्त पॅनेलचा दोष' किंवा 'फक्त दलाचा दोष' दोन्ही पटत नाही.

दुबईवासी

+१. मरीनातला टॉर्च टॉवर माझ्या खिडकीतून दिसायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये जळला, ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा जळला, दुसऱ्यांदा ग्रेनफेलनंतर दोन महिन्यांच्या आत. दोन्ही वेळा कोणी दगावलं नाही. पेटलेले पत्र्याचे तुकडे वाऱ्याबरोबर खालच्या रस्त्यावर पडत होते, गाड्यांवर पडत होते. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला-त्याला एकच प्रश्न, आपल्या भिंतीवर काय आहे? मॅनेजमेंटने उत्तर दिलं नाही ते दिलंच नाही.

अवांतर: आमच्याकडे घंटा वाजली की सगळे उतरतात हे खरं, पण महिन्यातून दोनदा खोटी वाजते तेव्हा निम्मे उतरत नाहीत. तिसऱ्यांदा खरी वाजेल तेव्हा काय, देव जाणे.

शार्दूल_७७

मेलबर्नी, उदाहरण चांगलं आहे. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. २०१४ मध्ये मेलबर्न, २०१५ मध्ये दुबई. लंडनच्या दलाने वर्तमानपत्र वाचलं नव्हतं का?

टेम्सकाठची

वाचलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना मेलबर्नला जायची गरजही नव्हती. ३ जुलै २००९ ला दक्षिण लंडनमध्ये कॅम्बरवेलच्या लाकनल हाउसला आग लागली. खिडक्यांखालची पॅनेलं पेटून ती मजले चढली. फोनवर थांबा सांगितलेले लोक थांबले. सहा जण गेले, तीन बायका आणि तीन मुलं. २०१३ मध्ये मृत्यूचौकशी झाली, कॉरोनरने (मृत्यूचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) शिफारशी केल्या: फोनवरच्या सल्ल्याचा फेरविचार करा, बाहेरून पसरणारी आग ओळखायचं प्रशिक्षण द्या, इमारतींच्या नियमांची संदिग्ध भाषा सुधारा. दलाने कागद बदलले, तालीम बदलली नाही. सरकारने नियमांची भाषा तशीच ठेवली. म्हणून शार्दूल, संस्था म्हणून दलावरचा तुमचा राग रास्त आहे. त्या रात्री जिन्यात उभ्या असलेल्या वॉच मॅनेजरवरचा, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्यावरचा, नाही.

कंट्रोल रूमबद्दलही सांगते. तिथे बसलेल्या बायका-पुरुषांना इमारत दिसतच नव्हती. नियम असा की अडकलेल्या माणसाला जवान पोचेपर्यंत फोन सोडायचा नाही. एक-दोन फोन असतील तर ठीक. त्या रात्री फोन थांबेनात. फोनवर कळलेलं, की अमुक घरात इतकी माणसं, लहान मूल आहे, धूर इथवर आलाय, हे इमारतीच्या पायथ्याशी पोचायचं कागदाच्या चिठ्ठ्यांवरून. तिथून जवानांनी इमारतीच्या आत मांडलेल्या तळावर माणसाच्या हाती. वायरलेस काँक्रीटमध्ये दगा देत होतं. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून सगळं टिपत होतं, ती चित्रं खाली दलाच्या कमांड गाडीत उमटलीच नाहीत. वर कोणत्या घरात कोण आहे याची यादी सतत शिळी. आणि गंमत अशी (गंमत कसली) की कंट्रोल रूममध्ये फोन घेणारा माणूस हेच धरून बोलतो की जवान निघालेत, पोचतील. त्या घराकडे कुणाला पाठवलंय की नाही, हे त्याला परत कळवणारं कुणी नाही.

अनघा_रीडिंग

टेम्सकाठची, तुम्ही लिहिलंयत म्हणून माझंही लिहिते, कारण या आगीचा एक भाग आम्ही अजून फेडतोय.

ग्रेनफेलनंतर सगळ्या उंच इमारतींच्या भिंती तपासायचं ठरलं. डिसेंबर २०१९ मध्ये बाहेरच्या भिंतीच्या तपासणीचा एक फॉर्म आला, ईडब्ल्यूएस१. तो नसेल तर बँक कर्ज देईना, म्हणजे घर विकता येईना. आमच्या इमारतीत लाकडी आच्छादनाच्या बाल्कन्या आणि मागे फोम निघाला. भिंत दुरुस्त होईस्तोवर 'वेकिंग वॉच' लावला. म्हणजे पिवळ्या जाकिटातला एक माणूस, गळ्यात एअर हॉर्न, रात्रभर मजल्यामजल्यावर फिरणार. आग दिसली तर हॉर्न वाजवणार. रात्री दोनला पाणी प्यायला उठले की कॉरिडॉरमध्ये त्याच्या बुटांचा आवाज. बिचारा नायजेरियातून शिकायला आलेला मुलगा होता, जिन्याच्या पायरीवर बसून असाइनमेंट लिहायचा. त्याचा पगार आमच्या सर्व्हिस चार्जमधून. मॅनेजमेंट कंपनीला विचारलं की घंटा बसवायला याहून स्वस्त पडेल ना, तर उत्तर यायला हिवाळा उलटला.

२०२२ च्या कायद्याने घरमालकांवरचा बोजा बराच कमी केला. पण मधली वर्षं गेली ती गेली.

निवृत्त_बंबवाला

वेकिंग वॉच हा प्रकार नवीन कळला. म्हणजे चौकीदारच की. वाईट नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये वॅलेन्सियाला चौदा मजली इमारत बाहेरून अशीच पेटली, दहा जण गेले. तिथल्या इमारतीच्या केअरटेकरने दारं ठोकून लोकांना बाहेर काढल्याचं तेव्हा वाचलं होतं. यंत्रणा नसते तिथे माणूसच यंत्रणा.

कोथरूडकर

माझा प्रश्न साधा. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, बावीस मजली इमारत. आम्ही रहिवाशांना काय सांगायचं? थांबा की उतरा? सगळा धागा वाचून जास्तच गोंधळ झालाय.

निवृत्त_बंबवाला

कोथरूडकर, इंग्लंडचा सल्ला उचलून इथे लावू नका. आपल्याकडची आखणी वेगळी. उंच इमारतीला एकाहून जास्त जिने, २४ मीटरच्या वर पहिला रिफ्युज एरिया (आगीत सुटका होईपर्यंत थांबायची राखीव जागा) आणि पुढे दर पंधरा मीटरला एक, वेट राइझर, होज रील, घंटा. आग लागलेल्या मजल्यावरच्यांनी आणि त्याच्या वरच्यांनी जिन्याने उतरायचं, खालपर्यंत जमत नसेल तर रिफ्युज गाठायचा. लिफ्ट नाही म्हणजे नाही. जिना धुराने भरलेला असेल तरच घरात परत, दाराच्या फटीला ओलं कापड, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून दिसायचं, १०१ ला फ्लॅट नंबर सांगायचा.

आता खरी अडचण. तुमच्या रिफ्युजमध्ये काय आहे? मी बघितलेल्यांत टेबल टेनिस, गणपतीची मखरं, जुने सोफे, एका ठिकाणी तर जिम. जिन्याची फायर डोअर वारा यावा म्हणून वीट लावून उघडी. इलेक्ट्रिक डक्टमध्ये मजल्यामजल्याला स्लॅबच्या जागी भोक, ते बुजवायचं राहिलेलं, आणि आत झाडू-बादल्या. ग्रेनफेलची आग बाहेरच्या पोकळीतून चढली, आपल्याकडे ती डक्टमधून चढते. चढायला उभी पोकळी मिळाली की झालं, पोकळी आत की बाहेर हे आग विचारत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते परवानाधारक एजन्सी देते. पंप सुरू करून, वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतंय का हे स्वतः उभं राहून बघा. कागद घेऊन फाइलला लावू नका.

शार्दूल_७७

आणि शिडी? मुंबईकडे ९० मीटरची आहे म्हणतात. लंडनकडे त्या रात्री ३२ मीटरच्याच होत्या. म्हणजे आपण पुढे?

टेम्सकाठची

लंडनच्या ३२ च, शेजारच्या सरी परगण्यातून ४२ मीटरची मागवली होती. आता ६४ मीटरच्या घेतल्यात. पण शिडी हे उत्तर नव्हे. बाहेरून पाणी मारून अशी भिंत विझत नाही: पत्रा पाऊस अडवायलाच बनवलेला, तो पाणीही अडवतो, आग त्याच्या मागे. नंतर झालेले खरे बदल दिसायला छोटे आहेत. जवान आता धुरातून माणूस उतरवायला त्याच्या तोंडावर चढवायचे हुड नेतात. कमांड गाडीत आणि आतल्या तळावर अडकलेल्यांची यादी एकाच वेळी दिसते. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमधल्या उंच इमारतींच्या दाराशी नकाशे आणि भिंतीची माहिती असलेली कुलूपबंद पेटी सक्तीची आहे. नव्या उंच इमारतीत जवानांना मजल्यागणिक भोंगा वाजवता येईल असं बटण-पॅनेल. म्हणजे निर्णय झाला तर आता पोचवता येतो. अपंग रहिवाशांचं मात्र रखडत आलं. ग्रेनफेलमधल्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ गेले, तरी प्रत्येकासाठी बाहेर काढायची वेगळी योजना करायला सरकारने वर्षानुवर्षं टाळाटाळ केली.

निवृत्त_बंबवाला

९० मीटरची शिडी उभी करायला खाली तेवढी पक्की मोकळी जागा लागते. पोडियम पार्किंग, दोन्ही बाजूंना गाड्या, झाडं, वायर. गाडी इमारतीला टेकलीच नाही तर ९० मीटर कागदावर. २०१४ च्या जुलैत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला आग लागली, २२ मजली काचेची कार्यालयांची इमारत. पूर्ण बंद काच, धूर बाहेर जायला वाट नाही. आमचा एक जवान गेला त्यात. काचेच्या इमारती बघितल्या की मला आजही आधी हेच दिसतं, उघडणारी खिडकी कुठे आहे.

मेलबर्नी

उत्पादकांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून?

टेम्सकाठची

सप्टेंबर २०२४ चा दुसरा अहवाल त्यावरच आहे. पॅनेलं आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनी 'पद्धतशीर अप्रामाणिकपणा' केला, असे शब्द आहेत. पॅनेलं बनवणाऱ्या आरकॉनिकची पॅनेलं कडा दुमडून खोक्यासारखी 'कॅसेट' केली की फार वाईट जळतात, हे त्यांच्याच चाचण्यांत २००५ मध्ये दिसलं होतं. ग्रेनफेलवर कॅसेटच बसली. इन्सुलेशन बनवणाऱ्या सेलोटेक्सने चाचणीत मोक्याच्या जागी न जळणाऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पाट्या लावल्या आणि ती पास झालेली चाचणी दाखवून माल विकला. पाट्यांचा उल्लेख गाळून. आर्किटेक्ट, कंत्राटदार, सल्लागार, नगरपालिका, प्रत्येकाला वाटलं तपासायचं काम दुसऱ्याचं आहे. सरकारलाही सोडलेलं नाही, तिथे तर कित्येक वर्षांचे इशारे पडून होते.

कोथरूडकर

आमच्या दर्शनी भागाला लिफ्टच्या उभ्या पट्ट्यात राखाडी ॲल्युमिनियम पॅनेल आहे, तळापासून गच्चीपर्यंत. आजवर लक्षच गेलं नव्हतं. ते कशाचं आहे हे कसं कळेल? बेसमेंटमध्ये उरलेला एक तुकडा पडलाय. लायटर लावून बघू का?

निवृत्त_बंबवाला

बेसमेंटमध्ये लायटर लावू नका, बाबा! आणि लायटरने काही कळतही नाही. पत्रा पुढे असतो, गाभा आत. तुकडा आडवा कापला की कडेला मधला थर दिसतो. पण काळा-पांढरा रंग बघून निष्कर्ष काढू नका. बाजारात साधा एलडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, गाभाही मिळतो आणि आगीला जास्त दाद न देणारा 'एफआर ग्रेड'ही, आणि एफआर म्हणून साधाच खपवणारेही आहेत. मागच्या संरक्षक फिल्मवर कंपनीचं नाव-नंबर छापलेला असतो, तो बघा. बिल्डरकडे लेखी मागा: पॅनेलचा प्रकार, चाचणीचा अहवाल, आणि चाचणी नुसत्या पॅनेलची की मागच्या इन्सुलेशन-पोकळीसकट अख्ख्या भिंतीची. हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका, तिथेच सगळे अडखळतात.

कोथरूडकर

फिल्म सापडली, नाव अर्धवट दिसतंय. बिल्डरला आजच मेल टाकतो. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, रिफ्युजमधला टेबल टेनिसचा विषयही घेतो. मार खाणार बहुतेक.